आधी वॅट मोजा, मग पंखा काढा

घरातला संगणक शांत करायचा म्हटलं की पहिला विचार पंख्याचा येतो. मोठा पंखा, महागडा पंखा, रबरी बुचांवर बसवलेला पंखा, नाहीतर पंखाच काढून त्या जागी किलोभराचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. हे सगळे उपाय उष्णता तयार झाल्यानंतरचे. आवाजाचा निकाल मात्र त्याच्या बराच आधी, प्रोसेसर निवडतानाच लागलेला असतो. संगणकात शिरलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि जेवढी उष्णता जास्त तेवढी तिला बाहेर ढकलायला हवा लागते. म्हणून बिनपंख्याच्या संगणकाचा खरा प्रश्न उष्णता घालवायची कशी हा नसून ती मुळात किती निर्माण होऊ द्यायची हा आहे. बहुतेक घरांतल्या कामांना ही शिस्त सहज झेपते, असं माझं म्हणणं आहे.

हिशेब अवघड नाही. पंखा नसेल तर गरम धातूची उष्णता दोन वाटांनी जाते. लगतची हवा तापून हलकी होते आणि वर सरकते, ही एक वाट; प्रारणाची दुसरी. दोन्ही मिळून एक चौरस मीटर पृष्ठभाग, भोवतालच्या हवेपेक्षा दर एक अंश जास्त तापमानामागे, ढोबळमानाने दहा वॅट बाहेर टाकतो. म्हणजे ६५ वॅटचा प्रोसेसर चालवायचा आणि धातू खोलीपेक्षा ३० अंशांहून जास्त तापू द्यायचा नाही, तर सुमारे ०.२ चौरस मीटर मोकळा पृष्ठभाग हवा. वर्तमानपत्राच्या एका पानाहून थोडा मोठा. हे जमण्यासारखं आहे. स्ट्रीकॉम कंपनीचा ‘डीबी-४’ हा सुमारे २६ सेंटिमीटरचा चौकोनी डबा याच तत्त्वावर चालतो. त्याच्या भिंतीच हीटसिंकचं, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचं, काम करतात आणि त्याची मर्यादा ६५ वॅटच सांगितलेली आहे. इंटेलचा ‘कोअर आय-९ १३९००के’ मात्र पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. त्याच हिशेबाने त्याला चौपट पृष्ठभाग लागेल. पातळ पात्या दाटीवाटीने बसवून हा पृष्ठभाग वाढवता येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. पात्या जवळ आल्या की मधली हवा गुदमरते, वर सरकतच नाही. नॉक्टुआ कंपनीने २०२१ मध्ये बाजारात आणलेला ‘एनएच-पी१’ हा बिनपंख्याचा हीटसिंक १.१८ किलो वजनाचा असूनही त्याला पात्या जेमतेम तेराच, जाड आणि एकमेकींपासून लांब. पृष्ठभागावरच्या थरालाही महत्त्व आहे. चकचकीत ॲल्युमिनियम फारच कमी प्रारण सोडतं, ॲनोडाइझ केलेलं भरपूर, मग त्याचा रंग कोणताही असो. बिनपंख्याचे कॅबिनेट बहुधा ॲनोडाइझ केलेले असतात, त्यामागे शोभेपलीकडे हेही कारण आहे.

नखाएवढ्या चिपमधली उष्णता एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवायची कशी, याचं उत्तर हीट पाइप. तांब्याच्या बंद नळीतली हवा काढून घेऊन आत थोडंसं पाणी ठेवतात. कमी दाबामुळे ते चिपच्या बाजूला कमी तापमानातच उकळतं, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हे तंत्र प्रत्यक्षात आणलं. तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानं होती, घरातलं टेबल नव्हतं. पण हीट पाइप उष्णता फक्त वाहून नेते, संपवत नाही. शेवटचा हिशेब पुन्हा पृष्ठभागाशीच.

वॅट न मोजता पंखा काढला तर काय होतं, याचा धडा ॲपलने १९८० मध्येच घेतला. ‘ॲपल-३’ला पंखा नव्हता, उष्णता धातूच्या जाड तळातून जाईल असा बेत होता. पहिल्या खेपेची सुमारे १४ हजार यंत्रं बदलून द्यावी लागली. चिपा खोबणीतून सैल होत, तेव्हा यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर सोडावं, असा तोडगाही सांगितला जात असे. २००० सालचा ‘पॉवर मॅक जी-४ क्यूब’ मधल्या उभ्या पोकळीतून हवा वर जाऊ देणारा, बिनपंख्याचा आणि देखणा होता. वर्षभरातच त्याचं उत्पादन थांबवलं गेलं, अर्थात त्यात उष्णतेपेक्षा किमतीचा वाटा मोठा होता. पुढे २०२० मध्ये मात्र याच कंपनीने एम-१ ही एकच चिप ‘मॅकबुक एअर’मध्ये पंख्याविना आणि तेरा इंची ‘मॅकबुक प्रो’मध्ये पंख्यासह दिली, तेव्हा एक छान तुलना आयतीच हाती आली. रोजच्या कामात दोन्हींमध्ये फरक कळत नाही. सलग कित्येक मिनिटं पूर्ण जोर लावला तरच एअर तापते आणि वेग उतरवते. चाळीस वर्षांत हवा किंवा धातू बदलले नव्हते, या वेळी वॅट आधी मोजलेले होते.

मग कमी वॅट म्हणजे हळू संगणक, असा आक्षेप साहजिक आहे. तो वाटतो तेवढा खरा नाही. प्रोसेसरची वीज त्याच्या गतीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. शिवाय गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी वॅट भराभर चढतात. उलटं पाहिलं, तर बायॉसमध्ये मर्यादा ६५ वॅटवर बांधली की गमवावा लागणारा वेग विजेच्या बचतीच्या मानाने बराच कमी असतो. आणि घरात काम तरी कोणतं असतं? ब्राउझर, हिशेबाचे तक्ते, चित्रपट, मुलांचा ऑनलाइन वर्ग. इंटेलचा ६ वॅटचा ‘एन-१००’ हे सगळं निभावून नेतो. मोठं ग्राफिक्स कार्ड लावून गेम खेळणाऱ्यांनी आणि तासन्‌तास व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. त्यांनी चांगला पंखा घ्यावा, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

दुसरा आक्षेप आपल्या हवेचा. युरोपातल्या थंड खोल्यांसाठी बनलेली ही सोंगं चंद्रपूरच्या मे महिन्यात कशी टिकणार? इथेही आकडेच पाहू. प्रोसेसरला ९५ अंशांपर्यंत मुभा धरली, तर २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांचा वाव मिळतो, ४० अंशांच्या खोलीत ५५ अंशांचा. वाव साधारण एक पंचमांशाने घटला. म्हणजे ६५ वॅट पेलणारा डबा विदर्भाच्या उन्हाळ्यात ५० वॅटचा समजायचा, एवढंच. शिवाय आपल्याकडे छताचा पंखा असतो, आणि त्याचा मंद वारासुद्धा हीटसिंकची क्षमता चांगलीच वाढवतो. छतावर पंखा फिरत असताना टेबलावरचा संगणक शांत असला काय नि नसला काय, असं कुणी म्हणेल. भर उन्हाळ्यात हे खरंच आहे. त्या आवाजात संगणकाची घरघर बुडून जाते. पण पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री पंखा बंद असतो, आणि घरी गाणं किंवा निवेदन रेकॉर्ड करणारा माणूस तर बाराही महिने तो बंद करूनच बसतो. मायक्रोफोनला सवय होत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप तिसरा. मोठा पंखा हळू फिरवला तर तो ऐकूच येत नाही, मग हा खटाटोप कशाला? पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सौदा उत्तम आहे. निव्वळ आवाजापुरतं बोलायचं तर १२० किंवा १४० मिलिमीटरचा मंद पंखा बहुतेकांना पुरेल, हे मी मान्य करतो. पंखा मुळीच नसण्याचा फायदा वेगळा आहे. दिवाळीच्या साफसफाईत सीपीयूचा डबा उघडला की आत पात्यांवर बसलेला धुळीचा नमदा निघतो, तो पंख्याने वर्षभर ओढून आणलेला असतो. त्याने हवा अडते, पंखा जास्त जोरात फिरतो, बेअरिंग झिजतं आणि खरेदीच्या दिवशी न ऐकू येणारा पंखा दोन-तीन वर्षांनी कुरकुरू लागतो. बिनपंख्याच्या यंत्रातही धूळ बसते, पण बरीच कमी.

पंखा गेला म्हणजे सगळं शांत झालं असंही नाही. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिची गुणगुण आता कानावर येते. तिच्या जागी एसएसडी हवीच. मदरबोर्ड, एसएमपीएस किंवा ग्राफिक्स कार्डातली कॉइल कधीकधी बारीक किणकिणते, आणि हा दोष विकत घेण्याआधी ओळखणं कठीण असतं, म्हणून बदलून मिळण्याची अट विचारून ठेवावी. पंख्याचा वारा प्रोसेसरखेरीज आजूबाजूच्या भागांनाही लागत असतो, ही गोष्ट बरेच हौशी विसरतात. तो थांबला की एसएसडी आणि कपॅसिटर तापतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी उतरलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. तो उलट्या दिशेनेही लागू पडतो. म्हणून मर्यादेच्या काठावर यंत्र चालवू नये. ६५ वॅटच्या डब्यात ३५ वॅटचा प्रोसेसर हे माझ्या मते शहाणपणाचं माप.

तेव्हा दुकानात गेलात तर गिगाहर्ट्‌झ आणि कोअर यांच्याआधी एकच विचारा: पूर्ण जोरात हा प्रोसेसर किती वॅट घेतो? पेटीवर छापलेला मूळ आकडा नको, टर्बोचा, म्हणजे कमाल वेगाने धावतानाचा, हवा. आणि यंत्र घरी आल्यावर ते संगणकाच्या टेबलातल्या त्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडा, डबा भिंतीला टेकवू नका, वर कागदांचा गठ्ठा ठेवू नका. हवा वर जाण्याची वाट मोकळी नसेल तर वॅटचा सगळा हिशेब वाया जातो.