निधनवार्तांचे दफ्तर

थोरामोठ्यांच्या मृत्यूची चिंता इतिहासाला वाहावी लागत नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर निवर्तले, तेव्हा ज्यांच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद घातला त्या जुन्या स्नेह्याविषयी टिळकांनी ‘केसरी’त जो मृत्युलेख लिहिला, तो पुढे त्यांच्या लेखसंग्रहात गेला, चरित्रकारांनी उद्धृत केला आणि आजही जिज्ञासूला सहज उपलब्ध आहे. रानड्यांच्या आणि गोखल्यांच्या मृत्यूनंतर टिळकांनी जे लिहिले त्याचीही तीच गोष्ट. परंतु त्याच काळातील वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत, बाजारभाव, पौष्टिक औषधांच्या जाहिराती आणि मोफसलची बातमीपत्रे यांच्या दाटीत, कोणा पेन्शनर मामलेदाराच्या, कोणा गावच्या वैद्याच्या किंवा पेठेतल्या सावकाराच्या मृत्यूची जी दोन-चार ओळींची वार्ता छापलेली असते, ती कोणत्याही संग्रहात गेली नाही आणि तिची सूची करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. प्रस्तुत लेख त्या दोन-चार ओळींविषयी आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये, पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये आणि ‘केसरी’ १८८१ मध्ये. परंतु या पत्रांच्या आरंभीच्या काळात सामान्य माणसाचा मृत्यू छापून यावयाचा तर तो गावच्या बातमीदाराला कळविण्याजोगा वाटला पाहिजे, अशी स्थिती होती. साहजिकच पद, विद्या, वतन किंवा द्रव्य यांपैकी काही तरी पदरी असणाऱ्यांचाच त्यांत भरणा दिसतो. ब्राह्मणेतर चळवळीची पत्रे, म्हणजे १८७७ चे भालेकरांचे ‘दीनबंधु’, पुढे बडोद्याची पाळेकरांची ‘जागृति’ आणि पुण्याचा ‘विजयी मराठा’, किंवा बाबासाहेब आंबेडकरांचे १९२० चे ‘मूकनायक’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, यांनी वाचकवर्गाची कक्षा बदलली, आणि ज्या समाजांच्या सुखदुःखाला छापील अक्षर तोवर पारखे होते त्यांच्या शोधकाने प्रथम या पत्रांच्या फाइली पाहाव्या हे उचित होय. तथापि खरे स्थित्यंतर घडले ते दैनिकांचा प्रसार झाल्यावर. १९३२ मध्ये परुळेकरांनी ‘सकाळ’ काढून स्थानिक बातमीला जे महत्त्व दिले त्याचा, तसेच पुढे कोल्हापूर, बेळगाव, नागपूर, नाशिक, सोलापूर येथील दैनिकांनी त्या त्या मुलखात जे घरोघर स्थान मिळविले त्याचा परिणाम असा झाला की, निधनवार्ता हे रोजचे सदर होऊन बसले आणि शिंपी, कासार, गिरणी कामगार, शाळामास्तर, एस.टी.चा कंडक्टर अशा सर्वांच्या मृत्यूला त्यात जागा मिळू लागली.

महाराष्ट्रात कुलेतिहासाची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चित्पावनांच्या आणि इतर काही ज्ञातींच्या घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत सिद्ध करून छापले, आणि त्यांची योग्यता एवढी की मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात समाजरचनेच्या अभ्यासाचे साधन म्हणून त्यांचाच आधार घेतला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या १९४६ च्या अर्वाचीन चरित्रकोशाने हेच कार्य व्यक्तींच्या बाबतीत केले. पण कुलवृत्तांत छापावयाचा म्हणजे घराण्यात पत्रव्यवहार करणारा एखादा चिकाटीचा पेन्शनर हवा, वर्गणी देणारे भाऊबंद हवेत आणि मूळ पुरुषाचे नाव तरी कोणाच्या स्मरणात हवे. हा योग फार थोड्या कुळांना लाभला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या मात्र अधिक उदार आहेत, कारण यात्रेला जो गेला त्याचे नाव तेथे उतरले. परंतु यात्रेला कोण गेला हाही पुन्हा ऐपतीचाच प्रश्न. ज्यांचा कुलवृत्तांत निघाला नाही आणि ज्यांचे आजोबा गोदेवर गेले नाहीत, अशा बहुसंख्य घरांचा छापील कुलवृत्तांत काय तो जिल्ह्याच्या दैनिकातली ती निधनवार्ता एवढाच आहे, असे माझे मत आहे.

या वार्तेत मृताविषयी फारसे काही नसते. वय असते, तेही पुष्कळदा अंदाजाचे. मृत्यूचे कारण ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ या ठराविक शब्दांत आटोपलेले असते, आणि प्लेगच्या वर्षांत तर घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांच्या धास्तीने कुटुंबे रोगाचे नावच दडवीत असत, तेव्हा या ओळींवर विसंबून रोगांचा इतिहास लिहू पाहणारा फसल्यावाचून राहणार नाही. वार्तेचे सारे मोल तिच्या शेपटात आहे: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे; येथील अमुक पेढीचे मालक तमुक यांचे ते वडील होत.’ नातेसंबंधाचे एवढे जाळे एवढ्या थोड्या जागेत दुसऱ्या कोणत्याही कागदावर सापडत नाही. महसुली दफ्तराशी ताडून पाहावे म्हणजे हे ध्यानात येईल. खातेदार मयत झाला की वारस तपास होतो, वारसा नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नावे चढतात, फेरफार मंजूर होतो. पण या नोंदीचा हेतू जमीन कोणाकडे जाते हे ठरविण्याचा असल्यामुळे ज्यांचा जमिनीशी संबंध नाही ते तिला दिसतच नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी मुलगे हयात असता मुलीचे नाव वारसांत येण्याचे कारणच नव्हते, आणि त्यानंतरही हक्कसोडपत्राच्या वाटेने ते कितीदा गळले याचा अनुभव ज्याने सातबारा चाळला आहे त्याला सांगावयास नको. वर्तमानपत्राने मात्र, जमिनीचे काहीही होवो, मुली मोजल्या, जावई मोजले आणि ते कोणत्या गावचे हेही कित्येकदा नमूद केले.

स्त्रियांच्या बाबतीत हे साधन जितके उपकारक तितकेच ते कृपणही आहे. आपल्याकडे विवाहाने आडनाव पालटते, पुष्कळ ज्ञातींत जन्मनावही पालटते, मधले नाव पित्याऐवजी पतीचे होते; त्यामुळे पणजीचा माग काढणाऱ्याची वाट तिच्या लग्नमंडपातच बंद होते. जुन्या वार्तांत तर ‘रा. रा. अमुक यांच्या मातुःश्री’ किंवा ‘यांचे कुटुंब’ एवढ्यावर भागविलेले असते, नावाचा पत्ताच नसतो. तथापि भावाच्या मृत्यूची वार्ता शोधावी म्हणजे तेथे ती ‘सासवडच्या अमुक यांच्या पत्नी’ म्हणून बहिणींत मोजलेली आढळते आणि माहेर हाती लागते. म्हणूनच सूची करताना मृताचे एकट्याचे नाव उतरवून घेण्याची जी सर्वत्र रीत आहे ती मला अपुरी वाटते. वार्तेतील प्रत्येक नाव, प्रत्येक गाव आणि प्रत्येक नाते यांची नोंद होत नसेल तर निम्मे श्रम वाया गेले.

तारखेच्या बाबतीत सावधगिरी हवी. ‘केसरी’ दर मंगळवारी निघत असे. त्यात ‘गेल्या शनिवारी देवाज्ञा झाली’ असे छापलेले असले तर अंकाच्या तारखेवरून हिशेब मागे नेला पाहिजे, आणि मजकूर बाहेरगावच्या बातमीदाराचा असेल तर तो शनिवार आणखी एक आठवडा मागचा तर नाही ना, हेही पाहिले पाहिजे. श्राद्धाच्या सोयीसाठी तिथी तर हटकून दिलेली असते. इसवी सनासाठी चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावयाचे हा नियम ठाऊक नसल्याने शके १८१८ च्या माघातला, म्हणजे १८९७ सालच्या ऐन प्लेगातला मृत्यू १८९६ मध्ये ढकललेला मी छापील वंशावळींतही पाहिला आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी घराण्यांच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे: आपला माघ वद्य पक्ष तो उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेत फाल्गुनाचा कृष्णपक्ष होतो, आणि घरची मंडळी कोणत्या गणनेने बोलत होती हे कळल्यावाचून महिना निश्चित होत नाही. जंत्री जवळ असावी, पण ती उघडण्यापूर्वी माणसे कोठली हे विचारावे.

कोणी म्हणेल की हा सारा रिकामटेकड्यांचा छंद. तसे असते तरी त्यात गैर काय, हा प्रश्न बाजूस ठेवू. महाराष्ट्रात आज पूर्वजांचा कागद शोधणारे लाखो लोक छंदासाठी शोधीत नाहीत. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा दाखला पैदा करावा लागतो. आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला तेव्हा तहसिलींच्या अभिलेखकक्षांतील कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यू नोंदवह्या, आणि मोडी लिपीतील जीर्ण कागद यांना कोण किंमत आली हे सर्वांनी पाहिले. निधनवार्ता हा तेथे स्वतः पुरावा ठरत नाही, न्यायालयही तिला तसे मानणार नाही. परंतु पणजोबा मूळचे कोणत्या गावचे, त्यांची भावकी कोठे पांगली, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कोणत्या तालुक्याचे कोतवाल बुक उघडावे? तेथे ‘मूळचे अमुक गावचे’ हे वार्तेतले तीन शब्द वाट दाखवितात.

आता कागदाविषयी. एकोणिसाव्या शतकातील बरीच जुनी पत्रे चिंध्यांपासून केलेल्या कागदावर छापलेली असल्याने ती आजही हाताला लवचीक लागतात; पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि त्यातील आम्ल व लिग्निन यांनी आपले काम सुरू केले. पन्नास-साठ वर्षांची दैनिकाची फाइल उघडताच घडीवर तुटते आणि कडा चुरगळून टेबलावर तपकिरी भुगा पडतो. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत जो मिळेल तो कागद वापरावा लागला. वाळवी, कसर आणि कोकणातील दमट हवा यांचे वर्णन काय करावे! पुराची गोष्ट निराळी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरोघरीचे कागद गेले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा तेथील १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले. रत्नागिरी, नाशिक, कोल्हापूर, ठाणे येथील वाचनालये एकोणिसाव्या शतकातील आहेत, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे, आणि या संस्थांनी तुटपुंज्या अनुदानावर जे राखले त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण वर्तमानपत्रांचे गठ्ठे जागा फार खातात, आणि जागेची अडचण आली की रद्दीत प्रथम जातात तेही हेच. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रे आली हे खरे. तथापि तालुक्याच्या साप्ताहिकाने आपले अंक नेमाने पाठविले असतील आणि पोचलेले सर्व अंक बांधले गेले असतील, असे गृहीत धरण्यास फार मोठा आशावाद लागतो.

घरोघरी कात्रणे मात्र असतात. देवघरातल्या पोथीत, ट्रंकेच्या तळाशी, फोटोच्या चौकटीमागे. दुर्दैव असे की कात्री चालविणाऱ्याने आपल्या माणसाचा मजकूर तेवढा कापून घेतलेला असतो आणि पत्राचे नाव व तारीख असलेला पानाचा माथा रद्दीत गेलेला असतो. अशा कात्रणाच्या पाठीमागची चित्रपटाची जाहिरात किंवा सोन्याचा भाव पाहून काळ ठरविण्याची वेळ येते. शोधकाला त्यात मौज वाटली तरी ते कात्रण तोपर्यंत बेवारसच म्हणावयाचे. ज्यांच्यापाशी अशी कात्रणे असतील त्यांनी ती चिकटपट्टीने डकवू नयेत, प्लास्टिकच्या तावांत कायमची कोंबू नयेत, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावीत आणि माहिती पाकिटावर पेन्सिलीने लिहावी.

सूक्ष्मपटाचा उपाय जुना असला तरी टाकाऊ नाही. चांगल्या पॉलिएस्टर फितीवरील चांदीची प्रतिमा, थंड व कोरडी जागा मिळाल्यास, शतकानुशतके टिकते, तर संगणकावरील प्रतिमा दर काही वर्षांनी नव्या साठ्यावर चढवावी लागते. परंतु प्रतिमा घेणे हा कामाचा सोपा भाग आहे. झिजलेल्या खिळ्यांचा छाप, तुटलेल्या वेलांट्या, शाई पसरून भरून गेलेली जोडाक्षरे यांपुढे अक्षर ओळखणारी यंत्रे आजही गडबडतात आणि आडनावांत तर अधिकच; तेव्हा माणसाने बसून वाचणे अटळ आहे. इंग्रज हिंदुस्थान सोडून गेले, पण त्यांच्या वंशजांनी १९९८ मध्ये ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापून मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या जाहिरातींची याद स्वयंसेवकांकरवी उतरवून काढली. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांची आणि पुढे त्यांच्यासह काळे व बर्वे यांनी १८०० ते १९५० च्या नियतकालिकांची सूची केली, ती याहून कितीतरी अवघड होती. म्हणजे मनुष्यबळाची आणि चिकाटीची वाण आपल्याकडे नव्हती.

निधनवार्तांची अशी सूची कोणाला केव्हा खुली करावी याविषयी मात्र माझे मत जरा जुन्या वळणाचे आहे. वार्तेतील मृत गेला, पण ‘परिवार’ हयात असतो, आणि आईचे माहेरचे आडनाव विचारून पेढीवर ओळख पटविण्याच्या या दिवसांत कालपरवाच्या वार्तांची जंत्री करून चव्हाट्यावर मांडणे शहाणपणाचे नव्हे. साठ वर्षांचा पडदा ठेवावा. निनावी मजकुरावरील प्रकाशनहक्काची मुदतही तेवढीच असल्याने कायद्याची अडचणही त्यातच सुटते.

आरंभ कोठून करावा असे विचाराल तर ‘दर्पण’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’ यांपासून करू नये. त्यांना वाली आहेत आणि त्यांचा कागदही बरा आहे. आधी हाती घ्यावीत ती १९४० ते १९६५ च्या दरम्यानची जिल्ह्याची दैनिके आणि तालुक्याची साप्ताहिके, कारण त्यांचा कागद सर्वांत निकृष्ट, त्यांच्या प्रती सर्वांत थोड्या, आणि ‘अमुक पेढीचे मालक तमुक’ म्हणजे नेमके कोण हे सांगू शकणारी पंच्याऐंशी-नव्वदीची माणसे त्या त्या गावात अजून भेटतात. वाचनालयाच्या चालकांनी फाइल टेबलावर काढून द्यावी, निवृत्त शिक्षकांनी सकाळचे दोन तास बसावे आणि अडलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह करून ते आळीतल्या वृद्धांना विचारून यावे.