राष्ट्रीय विजेता ठरतो कसा

भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. त्या काळी घरोघरी डाव मांडले जात ते देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरके, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. आंतरराष्ट्रीय पद्धत इथे रुजवण्यात मॅन्युएल आरन यांचा वाटा फार मोठा. १९५९ ते १९८१ दरम्यान ते नऊ वेळा राष्ट्रीय विजेते झाले, आणि १९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर.

खेळणारे वाढले तशी अडचण उभी राहिली. साखळी पद्धतीत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. चौदा खेळाडूंना १३ फेऱ्या आणि एकूण ९१ डाव पुरतात. शंभर जण आले तर ९९ फेऱ्या होतील. म्हणून दोन पायऱ्या आल्या. राज्यांतून निवडून आलेले खेळाडू आधी ‘नॅशनल बी’च्या मोठ्या मैदानात उतरत, आणि तिथले वरचे मोजकेच ‘नॅशनल ए’मध्ये पोहोचत. त्या पायऱ्यांच्या काळात मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांनी १९८२ ते १९९४ दरम्यान सात वेळा विजेतेपद मिळवलं. विश्वनाथन आनंद तीनदा जिंकला, पहिल्यांदा अवघ्या सोळाव्या वर्षी.

पण पटावर कोण बसणार हा प्रश्न निव्वळ संख्येचा नव्हता. महिलांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांचं. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनीही ते जिंकलं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना अडवता येणार नाही. या स्पर्धेच्या इतिहासात मला कुठल्याही विजेतेपदापेक्षा हा निर्णय मोठा वाटतो.

आता पुन्हा पद्धतीकडे. २०१७ साली पाटण्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी चौदा जणांची साखळी झाली. पुढच्याच वर्षी जम्मूला सगळे एकाच मोठ्या स्विस स्पर्धेत आले. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समजा दोनशे खेळाडू आहेत. रेटिंगप्रमाणे त्यांची यादी लावायची आणि मधोमध दुभागायची. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू १०१व्याशी, दुसरा १०२व्याशी. जिंकणाऱ्याला एक गुण, बरोबरीला अर्धा. पुढच्या फेरीपासून सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. हरलेलाही बाहेर पडत नाही, त्याची गाठ हरलेल्याशी पडते. तीच जोडी पुन्हा लागत नाही, आणि पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून मिळतात. प्रत्येक डाव निकाली लागला, तर फेरीगणिक सगळे डाव जिंकलेले जवळपास निम्मे होत जातात: शंभर, पन्नास, पंचवीस. आठ फेऱ्यांत एकच उरतो. बरोबऱ्या होतातच, म्हणून प्रत्यक्षात अकराच्या आसपास फेऱ्या ठेवतात.

यात नशिबाचा भाग साखळीपेक्षा जास्त, हे मान्य करायलाच हवं. दोन बलाढ्य खेळाडूंची गाठच न पडता स्पर्धा संपू शकते. तरीही तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला पहिल्याच फेरीत ग्रँडमास्टरसमोर बसता येतं, ही संधी मला त्या तोट्याहून मोलाची वाटते.

गुण सारखे झाले की बहुधा बुखहोल्झ मोजतात, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक गुणांचे, तो वर. त्यामुळे शेवटच्या दिवशी आपला डाव संपवून उठलेला खेळाडू आधी हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या पटांभोवती घुटमळत राहतो. त्यांनी आता जिंकावं, असं त्याला मनापासून वाटत असतं.