जुन्या जीपचे पुढील चाक व त्याचे बेअरिंग

शेतीची अवजारे म्हटली म्हणजे नांगर, वखर, तिफण ही डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या वाहनावर बी-बियाणे शेतात जाते व ज्यावर माल बाजारात पोहोचतो, तेही शेतीचे अवजारच होय. वखराची पास झिजली तर काम निकृष्ट होते. वाहनाच्या चाकाचे बेअरिंग झिजले तर माणसांच्या जिवावर बेतते.

2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजनेस आरंभ झाला. पुढे विकास गटाच्या कामाबरोबर जीपगाडी खेड्यापाड्यांतून परिचित झाली. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या संत्र्यांच्या भागात मालाची ने-आण सततची. आंबिया बहराचा माल दिवाळीच्या सुमारास निघू लागतो व नागपूरच्या कळमना बाजाराकडे वाहनांची रांग लागते. अशा वेळी जुनी जीप वाटेत चाक धरून बसली तर तोडलेल्या फळाची खराबी ठरलेली. आणि धावत्या गाडीचे चाक निखळले तर त्या हानीची मोजदादच नाही.

बेअरिंगचे काम

बैलगाडीचे चाक आसावर घासत फिरते, म्हणून त्यास वारंवार वंगण द्यावे लागते. जीपच्या पुढील चाकात, हबाच्या आत, निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे समोरासमोर बसविलेली असतात. प्रत्येकाचे दोन भाग: रुळांसह आतील कोन, व हबात घट्ट बसलेली बाहेरची वाटी, जिला दुकानदार ‘कप’ म्हणतात. हे रूळ गाडीचे वजन तर पेलतातच, शिवाय वळणावर चाकास बाजूने बसणारा रेटाही सोसतात. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये या रचनेचे एकस्व मिळविले. ते घोडागाड्या बनविणारे कारखानदार होते, व जड गाड्यांना वळताना होणारा त्रास दूर करणे हाच त्यांचा हेतू होता.

झीज का होते?

नागपूरकडील काळी माती चाकास चिकटते. पावसाळ्यात नाले ओलांडताना हब पाण्यात बुडतो. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतील हवा आकसते व जीर्ण सीलमधून पाणी व गाळ आत ओढला जातो. ग्रीस धुऊन जाते, रुळांवर गंज चढतो व पृष्ठभागास खळगे पडतात. उन्हाळ्यात हलके ग्रीस पातळ होऊन बाहेर गळते. नट अतिशय आवळणे अथवा सैल ठेवणे, हेही झिजेचे मोठे कारण आहे.

ओळखावे कसे?

वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली खूण. गाडी डावीकडे वळविताना घरघर वाढली तर बहुधा उजवे बेअरिंग सदोष असते. कारण तेव्हा भार उजव्या चाकावर येतो. रस्ता बदलताच आवाज बदलला तर तो टायरचा असण्याचा संभव अधिक.

खात्रीसाठी चाक उचलून, वर व खाली हात धरून हलवावे. खुळखुळ आढळल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिनचा. हाताने चाक फिरविताना खरखर जाणवली तर बेअरिंग उघडून पाहणे अवश्य आहे.

बदलण्याची रीत

गाडी सपाट, टणक जागी उभी करून मागील चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. हे न पाहता जोर केल्यास खुंटी तुटते. जॅकने आस उचलल्यावर खाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये.

चाक काढल्यावर हबाचे टोपण, आतील कडी व तबकडी काढावी. मुडपलेला वॉशर सरळ करून दोन्ही नट सोडवावेत. हब ओढताना बाहेरचे बेअरिंग मातीत पडू देऊ नये. जुन्या ब्रेक-पट्ट्यांच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास घातक आहे. म्हणून ती धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

सील काढून सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत. रुळांवर खळगे, ओरखडे अथवा तापून आलेली निळसर झाक दिसल्यास कोन व वाटी दोन्ही बदलावीत. जुन्या वाटीत नवा कोन घालणे ही खोटी काटकसर होय. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक दाखवूनच नवे घ्यावे.

जुनी वाटी मऊ धातूच्या दांड्याने चहूबाजूंनी सारखी ठोकून काढावी. नवी वाटी तिरपी न होऊ देता, तळास टेकेपर्यंत बसवावी. चाकाच्या बेअरिंगसाठी असलेले चांगले ग्रीस तळहातावर घेऊन रुळांमध्ये पूर्ण दाबून भरावे. दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नये, व हब गच्च भरू नये. सील नेहमी नवे घालावे आणि त्याची ओठासारखी कड आतील बाजूस ठेवावी. ब्रेकच्या ड्रमास ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

नट आवळण्याचे माप

यश याच पायरीवर अवलंबून आहे. चाक हाताने फिरवीत आतील नट, चाक जड फिरेपर्यंत, आवळावा. नंतर सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरावे, पण खुळखुळू नये. मग वॉशर व बाहेरचा नट बसवून पुन्हा तपासणी करावी व वॉशर मुडपून पक्का करावा. आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून हबाजवळ हात न्यावा. हात ठेवता येणार नाही इतका हब तापला तर नट घट्ट झाला आहे, असे समजावे.

मारुति 800 सारख्या मोटारींत पुढील बेअरिंग दाबयंत्राने घट्ट बसविलेले असते व त्यास नटाने असे जुळविता येत नाही; ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. मात्र ट्रॅक्टरची पुढील चाके, ट्रॉली व रबरी टायरच्या बैलगाड्या यांत बहुधा अशीच निमुळती बेअरिंगे असतात, व वरील रीत थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडते.

ग्रामसेवकांनी व वाहनधारक शेतकरी बंधूंनी पावसाळा संपताच, संत्र्यांची तोड सुरू होण्यापूर्वी, चाके एकदा उचलून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. या तपासणीस अर्धा तास पुरतो.