वऱ्हाड देणारी चांदबिबी

१५९६ साली आपला वऱ्हाड एका बाईने एका कागदावर लिहून देऊन टाकला. सोनाळा, टुनकी, जळगाव जामोद, अकोट, एलिचपूर, बाळापूर, सगळंच त्यात आलं. त्या बाईचं नाव चांदबिबी. अहमदनगरचा किल्ला लढवणारी शूर सुलताना म्हणून तिचा धडा शाळेत असतो. हातात तलवार, चेहऱ्यावर नकाब आणि मागे पडलेला बुरूज, एवढं चित्र पोरींच्या लक्षात राहतं. लढाईनंतर काय ठरलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्या लढाईची किंमत नगरच्या लोकांनी नाही, वऱ्हाडच्या लोकांनी मोजली, म्हणून आपण तरी ते माहीत करून घ्यायला हवं.

गोष्ट आपल्याच डोंगरापासून सुरू होते. सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, त्याच रांगेत पूर्वेला अकोटच्या वर नरनाळ्याचा किल्ला. वऱ्हाडची इमादशाही शेवटचे श्वास घेत होती ती याच किल्ल्यात. तुफालखान नावाच्या वजिराने बुऱ्हाण इमादशहा या तरुण राजालाच कैदेत टाकून कारभार आपल्या हाती घेतला होता. ‘राजाला सोडवतो’ असं निमित्त करून अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा फौज घेऊन आला. १५७४ मध्ये नरनाळा पडला, तुफालखान पकडला गेला. राजा काही सुटला नाही. वजीर आणि राजा दोघेही मुर्तझाच्या कैदेत गेले आणि कैदेतच संपले. वऱ्हाड निजामशाहीत आला. हा मुर्तझा म्हणजे चांदबिबीचा सख्खा भाऊ. भावाने घेतलेला मुलूख बावीस वर्षांनी बहिणीने दिला, असा हा हिशोब आहे.

चांदबिबी हुसेन निजामशहाची लेक. जन्म साधारण १५५० चा. तिची वालिदा खुंजा हुमायून हिला ओळखल्याशिवाय लेक कळत नाही. १५६५ मध्ये तालिकोटची लढाई जिंकून हुसेनशहा परतला आणि त्याच वर्षी वारला. मुर्तझा लहान होता, म्हणून कारभार खुंजा हुमायूनने हाती घेतला. पडद्याआड बसून ती दरबार चालवी, मोहिमेवर फौजेबरोबरही जाई. चार वर्षं तिने दौलत सांभाळली. पण मोठमोठ्या जागांवर आपले भाऊ बसवल्याने सरदार बिथरले आणि १५६९ मध्ये मुलानेच आईला कैद केलं.

तिची आणखी एक आठवण पुण्यात आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेनशहाच्या स्तुतीत ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. त्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी तख्तावर मलिकाही बसलेली होती. होती असं म्हणायचं, कारण पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली. सुलतान आहे, नोकर-चाकर आहेत, आणि शेजारी फक्त रंगाचा डाग. तवारीख लिहिणाऱ्यांनी बायकांना विसरल्याची तक्रार आपण नेहमी ऐकतो. इथे विसरण्याचा प्रश्नच नाही. कोणीतरी बसून, हाताने घासून तिला काढलं आहे.

आई कैदेत गेली तेव्हा चांदबिबी विजापुरात होती. तालिकोटच्या आधी दख्खनच्या सुलतानांची जी एकजूट झाली, ती पक्की करण्यासाठी दोन निकाह लागले. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि अलीची बहीण हदिया सुलतान मुर्तझाला आली. सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन्ही घरांत पिढ्यानपिढ्या भांडण होतं, तो किल्ला चांदबिबीच्या जहेजमध्ये गेला. एका लेकीबरोबर अख्खा किल्ला! जहेजपायी घरं बुडताना आपण पाहतो, पण हे प्रकरण काही औरच होतं. तिचं वय तेव्हा चौदा-पंधराचं.

अलीशी तिचं चांगलं जमलं. तो स्वारीवर निघाला की ती घोड्यावर बरोबर असे. फारसी आणि अरबीबरोबर तिला तुर्की, मराठी आणि कानडीही येई, असं सांगतात. दख्खनच्या चित्रकारांनी पुढे शंभर-दीडशे वर्षं तिची चित्रं काढली, त्यांत ती बहुधा घोड्यावर असते आणि मनगटावर बाज असतो. मूल मात्र झालं नाही. १५८० मध्ये अलीचा खून झाला. तख्तावर आला त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम, आणि त्याला वाढवायची जबाबदारी चांदबिबीवर पडली.

विजापूरची पुढची चार वर्षं म्हणजे एकामागून एक कारभारी. कामिलखान डोईजड झाला, त्याला तिने घालवलं. त्याच्या जागी किश्वरखान आला, तो त्याहून डोईजड निघाला. चांदबिबी आडवी येते म्हटल्यावर त्याने वावडी उठवली की ती नगरच्या भावाला चोरून पत्रं लिहिते, विजापूरवर चाल करून ये म्हणते. एवढ्या आरोपावर तिला महालातून ओढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडलं. पण विजापूरच्या लोकांना ते पटलं नाही. किश्वरखान रस्त्याने निघाला की बायाबापड्या त्याला शिव्याशाप देत. हबशी सरदार इख्लासखान फौज घेऊन उलटला, किश्वरखान पळाला आणि चांदबिबी साताऱ्याहून परत आली. ही वावडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

१५८४ मध्ये ती माहेरी आली. इब्राहीमची बहीण खदिजा हिचा निकाह मुर्तझाच्या मुलाशी, मीरान हुसेनशी ठरला होता, तिला पोचवायला ती बरोबर आली. माहेर कसलं, आगीचं घरच होतं ते. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाला मारलं. वर्षभरात तोही मारला गेला. मग सात वर्षांत तीन सुलतान झाले. शेवटचा इब्राहीम निजामशहा १५९५ मध्ये विजापूरशी लढताना पडला, आणि मागे राहिलं बहादूर नावाचं तान्हं पोर. वजीर मियाँ मंजूने भलत्याच एका अहमदला शाही वंशाचा म्हणून तख्तावर बसवलं. हबशी सरदारांनी त्याला घेरलं तेव्हा घाबरून त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावणं धाडलं. घरच्या भांडणात शेजारच्या जमीनदाराला बोलावण्यासारखंच हे. मुराद यायला निघाला आणि मियाँ मंजू पस्तावला, पण पाहुणा दारात आला होता. तो किल्ला सोडून निघून गेला. राहिली चांदबिबी.

१५९५ च्या डिसेंबरात मोगलांनी वेढा घातला. मुरादबरोबर अब्दुर्रहीम खान-ए-खानान होता आणि बुऱ्हाणपूरचा राजा अलीखान फारुकी होता. जळगाव जामोदवरून घाट चढून जावं ते हे बुऱ्हाणपूर. किल्ला होता चांदबिबीच्या अब्बांचा. हुसेनशहानेच तो दगडात पक्का बांधून घेतला होता. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एकाने रात्री येऊन सुरुंगांच्या जागा सांगितल्या. किल्ल्यातल्यांनी आतून खणून दोन सुरुंगांची दारू काढून टाकली. तिसरा उकरत असतानाच मोगलांनी बत्ती दिली. उकरणारे जागीच गेले आणि पन्नास गज तट कोसळला. लोक पळू लागले. त्या वेळी चांदबिबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब घेऊन, हातात उपसलेली तलवार धरून खिंडारावर येऊन उभी राहिली, असं फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता त्या काळी विजापूरच्या चाकरीत होता आणि नगरचा दरबारही त्याने जवळून पाहिला होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. संध्याकाळपर्यंत मोगल चढाई करत राहिले, खंदक प्रेतांनी भरला. रात्री तिने स्वतः उभं राहून खिंडार बुजवून घेतलं. सकाळी मोगलांनी पाहिलं तर तिथे पुन्हा भिंत होती. गोळे संपल्यावर तिने आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरून डागली, ही कहाणी फार आवडीने सांगतात. मला विचाराल तर त्या एका रात्रीत रचलेली भिंत त्या नाण्यांपेक्षा मोठी. सोनं कोणीही फेकेल. भेदरलेल्या गवंड्यांकडून अंधारात भिंत रचून घेणं हे वेगळंच काम.

तरी किल्ल्यातलं धान्य संपत आलं होतं. मोगलांच्या छावणीतही टंचाई होती, मुराद आणि खान-ए-खानान यांचं आपसात पटत नव्हतं आणि विजापूरहून सुहेलखानाची फौज निघाल्याची बातमी होती. दोन्ही बाजूंना तह हवा होता. १५९६ च्या सुरुवातीला तो झाला: बहादूर हाच निजामशहा हे मोगलांनी मानायचं आणि त्याबदल्यात वऱ्हाड मोगलांना द्यायचा.

तिने बरोबर केलं का? वऱ्हाडी माणसाला हा प्रश्न पडणारच. गावातल्या पोरींना मी हे सांगते तेव्हा एखादी हमखास विचारते, ‘मग आपल्याला कोणी विचारलं होतं का?’ नव्हतं विचारलं. मुर्तझाने घेतानाही विचारलं नव्हतं. पण दुसरं काही देण्यासारखं तिच्याजवळ होतं का, हेही पाहावं लागतं. नगर गेलं असतं तर वऱ्हाड तसाही गेला असता. वऱ्हाड देऊन नगर राहिलं, आणि पोराला चार वर्षं मिळाली. कोणी या तहाला हार म्हणतं, मला तर तो त्या वेढ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. शेजारच्या गढामंडल्याच्या राणी दुर्गावतीने बत्तीस वर्षं आधी याच अकबराच्या फौजेपुढे लढत जीव दिला. तिची शान मोठीच. पण हाताशी तान्हं पोर असताना मरण्यापेक्षा वाटाघाटीला बसणं सोपं असतं, असं समजू नये.

मुराद वऱ्हाडात येऊन बसला, बाळापूरजवळ शहापूर वसवलं. कागदावर मिळालेले गाविलगड आणि नरनाळा मात्र मोगलांना आणखी वर्ष-दोन वर्षं झगडून घ्यावे लागले. मग ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं एक सरकार म्हणून नरनाळ्याचं नाव लागलं. त्याच सुमारास, १५९८ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडला लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला. लखुजी निजामशाहीचे सरदार.

तह फार टिकला नाही. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीजवळ सुहेलखानाचा पराभव झाला, त्याच लढाईत मोगलांकडून लढताना बुऱ्हाणपूरचा राजा अलीखान पडला. नगरात चांदबिबी आणि हबशी सरदार नेहंगखान यांच्यात फाटलं. १५९९ मध्ये मुराद वारला, त्याच्या जागी शहजादा दानियाल आला आणि पुढच्या वर्षी किल्ल्याला दुसऱ्यांदा वेढा पडला. नेहंगखान लढण्याऐवजी जुन्नरकडे निघून गेला. आता बाहेरून येणारं कोणी नव्हतं. चांदबिबीने हमीदखान नावाच्या सरदाराला बोलावून मन मोकळं केलं की किल्ला द्यावा, बहादूरला घेऊन सुखरूप जुन्नरला जाऊ द्यावं एवढी अट घालावी. हमीदखान तिथून उठला तो रस्त्यावर ओरडत सुटला की चांदबिबी मोगलांना मिळाली, आपल्याला विकते आहे. विजापुरात ती नगरला मिळाली म्हणाले होते, नगरात ती मोगलांना मिळाली म्हणाले. विजापुरात लोकांनी विश्वास ठेवला नव्हता, नगरात ठेवला. जमाव महालात घुसला आणि चार वर्षांपूर्वी जिच्या मागे उभं राहून तट रचला, तिला त्यांनी मारून टाकलं. ही १६०० ची गोष्ट.

काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, मोगलांनी सुरुंग उडवून किल्ला घेतला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं. जो सल्ला दिला म्हणून ती मारली गेली, तो ऐकला असता तर ते पोर कदाचित जुन्नरला पोचलं असतं. निजामशाहीचं उरलेलं राज्य पुढे मलिक अंबरने जुन्या घराण्यातला दुसरा एक मुर्तझा तख्तावर बसवून आणखी पंचवीस वर्षं लढवलं, पण ती वेगळी कहाणी.

लोकांच्या तोंडी तिचा शेवट वेगळाच आहे. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली, असं सांगतात. ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात मारणाऱ्यांचं नाव येत नाही.

पुढे त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ इंग्रजांनी काँग्रेसचे पुढारी कोंडले. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं तिथेच लिहिली, आणि नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त, हा किल्ला लढवणारी आणि आपल्याच माणसाच्या हातून मेलेली बाई म्हणून चांदबिबीची आठवण काढली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तेही एका कर्तबगार बाईचंच. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दुरून दिसते, तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. सहलीला गेलात तर मुलांना खरं सांगा. तो महाल नाही, मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने लढवलेला तट खाली गावात आहे, आणि खंदकही.