हबमध्ये अडकलेला बेरिंगचा कप घरी कसा काढावा



उसाच्या टायरगाडीचे चाक वाटेत बसले की पहिला खोळंबा गाडीवानाचा आणि दुसरे नुकसान आपले. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपास जावा, असे आम्ही शेतकी खात्याची माणसे सांगतो ते उगाच नव्हे. पडून राहिलेला ऊस वजनाला घटतो, साखरही उतरते, आणि आपला पैसा तर काट्यावरच्या वजनावर. सबब हंगामाआधी गाडी व ट्रॉलीची चाके एकदा उघडावीत.

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर लागली किंवा चाक खडखड हलले, तर बेरिंग गेले समजा. पुष्कळ गाड्यांत निमुळत्या रोलरचे बेरिंग असते. अमेरिकेत घोड्यांच्या बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी त्याचे पेटंट १८९८ साली घेतले. म्हणजे ही वस्तू जन्मली तीच गाडीच्या चाकासाठी! त्यात रोलरसह आतला कोन, आणि हबमध्ये घट्ट ठोकलेला बाहेरचा कप. कोन बहुधा सहज निघतो. कप निघत नाही, म्हणून कित्येकजण कोन तेवढा नवा घालतात. ही काटकसर खोटी आहे. झिजलेला कप नव्या कोनालाही थोड्याच दिवसांत खातो. जोडी बदलायची ती जोडीनेच.

आधी टायर व रिम हबवरून सोडवून बाजूला ठेवा. हवा भरलेल्या टायरजवळ गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग कदापि नको. टायर फुटून माणूस जातो. मग हब रॉकेलने धुऊन पाहा. पुष्कळ हबांत कपाच्या मागे समोरासमोर दोन खाचा असतात. तिथे पितळी गज किंवा मऊ लोखंडाचा पंच टेकवून एक ठोका इकडे, एक तिकडे, असा द्यावा. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर कप तिरका होऊन असा आवळतो की मग घणही काही करू शकत नाही. कप कडक पोलादाचा असतो, त्यावर हातोडा सरळ मारू नये. कपची उडून डोळ्यात जाते. चष्मा लावाच.

एवढ्यानेही हलला नाही तर सांध्यात डिझेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी डिझेल व ग्रीस स्वच्छ पुसून हब बाहेरून सगळीकडे सारखा तापवा. साठ मि.मी. व्यासाचे भोक ८० अंशांनी तापले तर जेमतेम पाच शतांश मि.मी. वाढते, पण कप सुटायला तेवढे पुरते. तापल्या हबवर गार पाणी मात्र ओतू नका, बिडाचा हब तडकतो. खाचाच नसतील, तर गावातल्या वेल्डरकडून कपाच्या आतल्या अंगाला गोल टाका मारून घ्यावा. टाका निवताना आकसतो आणि कपालाही ओढून घेतो. निवल्यावर कप पुष्कळदा हाताने निघतो. बघणाऱ्याला जादूच वाटते.

नवा कप बसवताना जुन्याचाच उपयोग करा. त्याची बाहेरची कड ग्राइंडरने थोडी घासून तो नव्यावर ठेवा आणि ठोका. तळाला टेकला की आवाज बदलतो, भरीव येतो. कप हबमध्ये हातानेच सैल बसत असेल, तर मात्र पंचाचे टिंब मारून भागवू नका. लेथवर बुश घालून घ्या किंवा हब बदला.

खरेदीबद्दल थोडेसे. लग्नाचा बस्ता बांधायला आपण छत्रपती संभाजीनगरला गुलमंडीवर जातोच. त्याच फेरीत जुने बेरिंग पिशवीत टाकून न्या, आणि कापडाचा सौदा घरच्या मंडळींवर सोपवून तुम्ही सुट्या भागांचे दुकान गाठा. (तसाही तिथे आपला सल्ला कोण ऐकतो!) बेरिंगच्या कडेला क्रमांक कोरलेला असतो. समजा तो ३०२०६ आहे, तर शेवटच्या ०६ ला पाचाने गुणा. आतले भोक ३० मि.मी. क्रमांक जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑइल सीलही नवेच घ्या. जुन्यातून चिखलपाणी शिरते.

जोडताना चाक फिरवत नट आवळा, थोडे जड लागले की एक खाच मागे घ्या. चाक मोकळे फिरावे पण हलू नये. कॉटर पिन नवी घाला. पहिल्या भरल्या खेपेनंतर हबला हात लावून पाहा. चटका बसला तर नट जास्त आवळला आहे, तो लगेच सैल करावा.