ठिसूळ हाडांचे मूल आणि मोडलेला जबडा



पोरं खेळताना पडतात, रडतात आणि पुन्हा पळू लागतात. पण काही मुलांची हाडे जन्मतःच ठिसूळ असतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे असे एक मूल आढळते. हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन शरीरात नीट तयार होत नाही, म्हणून थोड्याशा धक्क्यानेही हाड मोडते. हा आईबापाचा निष्काळजीपणा नव्हे आणि कुणाचा शापही नव्हे. बऱ्याच मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, काहींचे दातही ठिसूळ असतात.

हातापायांच्या मानाने जबडा क्वचित मोडतो. परंतु मूल हनुवटीवर आपटले आणि दातावर दात बसेना, तोंड उघडेना किंवा हिरडीतून रक्त येऊ लागले, तर जबडा मोडला असे समजून चालावे. चोळू नये, ओढू नये, फडक्याने आवळून बांधू नये. हाडवैद्याकडे तर नेऊच नये. रक्त घशात जाऊ नये म्हणून मुलाला पुढे झुकवून बसवावे. काखेत हात घालून उचलू नये. एक हात बुडाखाली आणि दुसरा मानेपाठीमागे द्यावा.

दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच बोला, "डॉक्टरसाहेब, पोराची हाडं ठिसूळ आहेत." हाडे बळकट करणारे औषध शिरेतून चालू असेल तर तेही सांगा. भूल देताना मान हलक्या हाताने धरावी लागते.

मुलांच्या जबड्यात पुढे येणाऱ्या दातांचे कोंब असतात. स्क्रू मारल्यास त्यांना इजा होऊ शकते. दुधाच्या दातांवर तार नीट टिकत नाही, आणि ठिसूळ दात तारेने तुटूही शकतो. म्हणून हाड फारसे सरकले नसेल तर पातळ आहार आणि विश्रांती यावर भागते. सरकले असेल तर दातांचा ठसा घेऊन कवळीच्या साहित्याची पट्टी करतात व ती बारीक तारेने जबड्याभोवती बेताने बांधतात. दोन-तीन आठवड्यांत ती बहुधा काढता येते. कानापुढचा सांधा दुखावला असेल तर तोंड फार दिवस बांधून ठेवत नाहीत, नाहीतर सांधा आखडतो. डॉक्टर सांगतील तेव्हा तोंड उघडण्याचा व्यायाम करून घ्यावा.

तोवर आंबील, दूध, पातळ खिचडी, कुस्करलेले केळे द्यावे आणि चूळ भरवावी.

अशा मुलांचे हाड इतरांसारखेच जुळून येते, फक्त ते पुन्हा ठिसूळच असते. म्हणून जपावे जरूर. पण पोराला घरात कोंडू नये, शाळा सोडवू नये.