सॅन फ्रान्सिस्को बोईसरच्या उत्तरेला

तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकी तंत्रज्ञानावर उभे राहिले. उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. बांधकामातली बेक्टेल कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची, तर जनरल इलेक्ट्रिकचा अणुविभाग शेजारच्या सॅन होजेचा. त्या काळी तिकडचे अभियंते इकडे येत. आता इकडची मुले तिकडे नोकरीला आहेत. घरात कुणी गेले की पहिला प्रश्न निघतो, ‘मुलाला यायला किती वेळ लागेल?’ अंत्यविधीसाठी थांबायचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरते. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. त्यावर अमेरिका अरबी समुद्रापलीकडे, पश्चिमेला दिसते. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे १६५ अंशांचा फरक आहे. तो १८० असता तर दोरा थेट ध्रुवावरूनच गेला असता. बोईसरच्या फलाटावर डहाणूकडे तोंड करून उभे राहावे. सॅन फ्रान्सिस्को समोरच, किंचित उजवीकडे आहे. मुंबईपासूनचे हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर.

ताशी ९०० किलोमीटरने याचे १५ तास होतात. पण विमान हवेतून उडते आणि हवा स्वतः वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाली, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. लांबची वाट लवकर संपली.

तिसरा घोळ घड्याळाचा. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा. हिवाळ्यात तिथून शुक्रवारी रात्री आठला निघालेला मुलगा, वाटेत एक विमान बदलून, २२ तासांनी मुंबईत उतरतो तेव्हा इथे रविवारची सकाळ असते. घरच्यांना मधला शनिवार अख्खा गेल्यासारखा वाटतो.

शिवाय विमानाचे तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. तिकीट, रजा आणि तिथला विमानतळ यांत सात-आठ तास जातात. मुंबईत पारपत्र-तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास, पुढे बोईसरपर्यंतच्या सुमारे १०० किलोमीटरला महामार्गाच्या कृपेने अडीच-तीन तास. फोन गेल्यापासून दारात पाऊल पडेपर्यंत दीड दिवस धरावा.

तेव्हा मुलाला ‘विमान किती तासांचे?’ असे विचारू नये. ‘आपल्या वेळेप्रमाणे घरी किती वाजता पोहोचशील?’ असे विचारावे. थांबायचे की नाही, हे त्यानंतर घरच्यांनी ठरवावे.